एक जपानी चाल, दोन कॅन्टोनीज गाणी आणि आमच्या ऑफिसातलं भांडण

स्टारफेरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा होता पण आळस. मी २००९ ते २०१६ हाँगकाँगला होतो, नोकरी शिपिंगमधली, घर हुंग होममध्ये. तिथे वर्षातून एकदा, चिनी नववर्षाच्या आसपास, ऑफिसचं जेवण असतं, बारा माणसांचं गोल टेबल, लकी ड्रॉ आणि शेवटी कराओके. पहिल्याच वर्षी आमच्या अकाउंट्समधल्या बाईंनी एक संथ गाणं म्हटलं, मला कॅन्टोनीजचं, म्हणजे तिथल्या चिनी भाषेचं, ओ की ठो कळत नव्हतं पण गळ्याशी काहीतरी आलं खरं. त्या खाली बसल्या, ऑपरेशन्सचा एक जण उठला, त्याने गाणं लावलं आणि मी चाट! चाल तीच. म्हटलं ह्याने परत तेच लावलं की काय, तर नाही, शब्द वेगळे, स्क्रीनवर नाव वेगळं. आणि मग त्या दोघांची जी जुंपली की खरं गाणं कुठलं, ती मी २०१६ ला सोडून आलो तोवर दर वर्षी चालूच.

तर ती दोन गाणी म्हणजे अनिता मुईचं 'चिक येउंग ची को' म्हणजे मावळत्या सूर्याचं गाणं, आणि प्रिसिला चानचं 'छिन छिन ख्यूत को' म्हणजे हजारो हजारो गाणी. दोन्ही १९८९ ची. दोन्हींची मूळ चाल जपानी, मासाहिको कोन्दो नावाच्या गायकाचं त्याच वर्षीचं 'युयाके नो उता', संगीतकार कोजी माकाइनो. युयाके म्हणजे संध्याकाळी आभाळ लाल होतं ते.

(उच्चार वाचताना तो 'च' आपल्या चमच्यातला घ्या, चंद्रातला नको. इंग्रजीत हे लिहिताना बिचाऱ्यांची फार ओढाताण होते, आपल्याकडे दोन्ही च तयार, शिवाय क-ख, त-थ वेगळे. देवनागरीत कॅन्टोनीज बरंच बरं बसतं.)

कुणी ऐकलंय का ही गाणी? आणि तुमचा कौल कुणाला?

आंबटगोड
आत्ताच दोन्ही ऐकली. मला प्रिसिलाचं आवडलं. मुईचा आवाज पहिल्या ओळीला मला पुरुषाचाच वाटला, खोटं कशाला बोलू. पण मुळात हे कॉपी प्रकरण झालं ना? जपान्यांची चाल उचलायची, ती पण दोघींनी, त्याच वर्षी? आपल्या हिंदीवाल्यांना उगाच नावं ठेवतात लोक.

स्टारफेरी
@आंबटगोड, उचलेगिरी नाही हो, रीतसर हक्क घेऊन केलेलं काम आहे, संगीतकार म्हणून माकाइनोचंच नाव लागतं. ऐंशीच्या दशकात तिकडे हे सर्रास चालायचं. कारण असं की कॅन्टोनीज पॉप तेव्हा वयाने लहान होतं. सत्तरच्या सुरुवातीपर्यंत हाँगकाँगची शिकलीसवरलेली पोरं इंग्रजी नाहीतर मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनीतली, गाणी ऐकायची, कॅन्टोनीज म्हणजे ऑपेरा, चहाच्या दुकानातल्या म्हाताऱ्यांचं काम. १९७४ च्या सुमारास टीव्ही मालिकांची शीर्षकगीतं आणि सॅम हुई नावाच्या गायकाची गाणी आली तेव्हा पारडं फिरलं. मग दहा वर्षांत धंदा एवढा फुगला की प्रत्येक स्टारला वर्षाला दोन-दोन अल्बम, तेवढ्या चाली आणायच्या कुठून? जपानमध्ये चाली तयार, चाललेल्या, रेकॉर्ड कंपन्यांचे संबंध चांगले. घ्या हक्क, बसवा शब्द. गायक-नट लेस्ली चेउंगचं १९८४ चं 'मोनिका', ज्यावर अख्खं शहर नाचलं, ते पण मूळ जपानीच. खुद्द मुईने ह्याच कोन्दोच्या दुसऱ्या एका गाण्यावरून आधी 'मुंग पुन' केलं होतं १९८५ ला. नव्वदीत मग ह्याविरुद्ध ओरड झाली आणि मूळ चालीच्याच गाण्यांची मोहीम निघाली, पण तो पुढचा विषय.

आता दोघींनी एकच चाल का घेतली तर कंपन्या वेगळ्या. मुई कॅपिटल आर्टिस्ट्सची, चान पॉलीग्रामची. आणि दोनच नाही बरं का, ब्लू जीन्स नावाच्या बँडचं तिसरं कॅन्टोनीज गाणं पण ह्याच चालीवर आहे, शिवाय मँडरिनमध्ये आणखी. पण भांडण ह्या दोघींचंच.

टंकलेखक
मुईचं गाणं म्हणजे ते ना, जे तिने कॅन्सर झाल्यावर निरोपाचं म्हणून लिहून घेतलं? लग्नाचा पांढरा ड्रेस घालून म्हणते तो व्हिडिओ बघितलाय मी. रडलो होतो.

स्टारफेरी
@टंकलेखक, हा घोळ खूप जणांचा होतो. गाणं १९८९ चं, तेव्हा ती २५-२६ वर्षांची, धडधाकट, ऐन भरात. तो व्हिडिओ २००३ चा. मध्ये चौदा वर्षं गेली आणि गाणं तिच्या मागे येऊन उभं राहिलं असं म्हणा.

मुळात ते सिनेमाचं गाणं. त्सुई हार्कचा 'अ बेटर टुमॉरो'चा तिसरा भाग, १९८९, गोष्ट व्हिएतनाममधल्या सायगॉनची, शहर पडायच्या आधीची धामधूम, मुई स्वतः त्यात आहे, नट चाव युन-फॅटबरोबर. सिनेमाच्या चिनी नावातच 'मावळत्या सूर्याचं गाणं' आहे. त्यामुळे मूळ जपानी नावातली संध्याकाळ मुईच्या गीतकाराने, कीथ चानने, ठेवली. प्रिसिलाच्या गीतकाराने, रिचर्ड लामने, सूर्यच काढून टाकला. त्याच्याकडे रात्र आहे, चंद्र आहे, तारे आहेत. कारण प्रिसिला तेव्हा गाणं सोडून अमेरिकेला शिकायला निघाली होती, न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज युनिव्हर्सिटीत, मानसशास्त्र. वय २४. हे तिचं निघतानाचं गाणं. भाव असा की पुढे माझ्या लांबच्या वाटेवर हजारो गाणी वाहत येतील, हजारो तारे आजच्या चंद्राहून जास्त चमकतील, पण आजच्या रात्रीची सर कशाला यायची नाही.

म्हणजे बघा, एक निरोप विमानतळावरचा आणि एक आयुष्याचाच. दोन्ही एका चालीत.

पायपेटी
मी पेटीवर बसवून बघितली आज दुपारी. चाल जबरदस्त बांधलेली आहे. सुरुवात खालच्या सुरांत, आवाका छोटा, जवळजवळ बोलल्यासारखं. मग पायरी पायरीने चढत नेलंय आणि ध्रुवपदाला जो वर जातो तिथे गायकाचा कस. जपानी-हाँगकाँगी बॅलड सगळ्या ह्याच सांगाड्याच्या असतात की काय? कीबोर्डचा मऊ पडदा मागे, ढोल उशिरा येणार, ध्रुवपद दोनदा तीनदा फिरवून शेवटी आणखी जोर.

आणि @आंबटगोड, मुईचा आवाज पुरुषी नाही हो, खर्जातला आहे. बायकांत असा आवाज दुर्मिळ. प्रिसिलाचा काचेसारखा स्वच्छ आहे, वरच्या सुरांना ती सहज पोचते त्यामुळे ऐकताना आपल्याला कष्ट जाणवत नाहीत. मुई वर जाते तेव्हा तिला जड जातंय हे ऐकू येतं आणि तीच त्या गाण्याची मजा आहे. ओझं घेऊन जिना चढावा तसं. चाल एकच असून दोन वेगळी गाणी झाली ती गळ्यामुळे.

स्टारफेरी
@पायपेटी काका, गळ्यामुळे आहेच, पण आता मी ज्यासाठी हा धागा काढला ते सांगतो. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

कॅन्टोनीजमध्ये सहा टोन, म्हणजे शब्द कुठल्या उंचीवर म्हटला त्यावर अर्थ ठरतो. 'सी' एवढाच उच्चार घ्या. उंच सपाट म्हटलं तर कविता, खालून वर चढवलं तर इतिहास, मधल्या पट्टीत सपाट म्हणजे प्रयत्न करणं, खाली पाडलं तर वेळ, खालून थोडं चढवलं तर बाजार, आणि खालच्या पट्टीत सपाट म्हणजे बाब, काम. आता विचार करा, गाण्यात तर सूर चालीने ठरवलेला. चाल वर गेली आणि शब्दाचा टोन खालचा असला तर ऐकणाऱ्याला भलताच शब्द ऐकू येणार, कविता म्हणायला जाल आणि लोकांना बाजार ऐकू येईल. मँडरिनमध्ये गाताना टोन सोडून देतात, चालतं. कॅन्टोनीजमध्ये सोडले तर लोक हसतात. म्हणून तिकडे चाल आधी येते आणि गीतकार प्रत्येक सुराखाली त्या उंचीचाच शब्द शोधून ठेवतो. ह्या कामाला त्यांचा शब्दच 'शब्द भरणं' असा आहे.

आणि ह्याची एक झकास युक्ती आहे. आकडे. कॅन्टोनीजमध्ये शून्याचा टोन सगळ्यात खालचा, दोनचा त्याच्या वर, चारचा मधला, तीनचा सगळ्यात उंच. मग चाल हातात आली की आधी ती आकड्यांत गुणगुणायची, शून्य दोन चार तीन. हिला ०२४३ पद्धत म्हणतात. सहा टोन चार पायऱ्यांत बसवायचे, चढते टोन जिथे जाऊन थांबतात ती पायरी धरायची.

तर आमच्या ऑपरेशन्सच्या माणसाने मला एकदा फेरीत बसून रुमालाच्या कागदावर हे लिहून दाखवलं होतं. दोन्ही गाण्यांची पहिली ओळ. प्रिसिलाची सुरुवात 'छोय छोय वुई मोंग', म्हणजे सावकाश मागे वळून बघते. मुईची 'छे येउंग मोउ हान', म्हणजे कलता सूर्य अथांग. आकड्यांत?

प्रिसिला: ० ० ० २
मुई: ० ० ० २

बरं, चारच अक्षरं आहेत, योगायोग म्हणाल. पुढची आठ अक्षरं घ्या. प्रिसिला म्हणते एकमेकांच्या होत्या त्या रात्री. मुई म्हणते पण काय करणार, झळाळी फक्त एका श्वासापुरती. अर्थात काडीचा संबंध नाही, एक अक्षर सामाईक नाही.

प्रिसिला: ० २ ३ ३ ३ ३ ४ २
मुई: ० २ ३ ३ ३ ३ ४ २

बारापैकी बारा! दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळे गीतकार, आणि जुळले असे की एक साचा. अर्थातच साचा, तो माकाइनोने बसवलेला, आणि त्याला तर कॅन्टोनीजशी काही देणंघेणं नव्हतं. मला तेव्हा कुठे कळलं की ह्या लोकांना शब्द किती थोड्या जागेत हलवावे लागतात. कोंबून बसवलेले वाटत पण नाहीत. तो कागद मी बरीच वर्षं पाकिटात ठेवला होता, मुंबईच्या पावसात गेला.

आंबटगोड
बापरे. हे भारी आहे. उचलेगिरीचा शब्द मागे.

किर्लोस्करी
स्टारफेरी, मस्त लिहिताय. आपल्याकडे चालीवर शब्द म्हणजे नाटकवाल्यांचा प्रांत. जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडा, प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल :' लिहून दुसऱ्याच कुठल्या गाण्याचं नाव, अण्णासाहेब किर्लोस्करांपासून ही रीत, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. पण आपल्याला मात्रा सांभाळाव्या लागतात, ऱ्हस्व-दीर्घ, कुठला शब्द किती वेळ टिकणार ते. ह्यांना शब्द किती उंचीवर उभा राहणार ते बघावं लागतं. आडवं आणि उभं. दोन्हीकडे कवीचे हात बांधलेले, फक्त दोरी वेगळीकडे बांधलीये.

एक शंका. ही भाषा बोलण्यातलीच असते का? का आपल्या भावगीतांसारखी जरा इस्त्री केलेली?

स्टारफेरी
अचूक पकडलंत. इस्त्रीचीच, आणि कडक. गाण्यात लेखी चिनी असतं, फक्त उच्चार कॅन्टोनीज. प्रिसिलाच्या त्या पहिल्या ओळीतच 'तिक' असं एक अक्षर आहे, आपल्या 'चा-ची-चे'सारखं काम करणारं. बोलताना हाँगकाँगचा माणूस जन्मात 'तिक' म्हणणार नाही, तो 'के' म्हणतो. म्हणजे प्रेमात पडलेला, रडणारा, निरोप देणारा माणूस गाण्यात अशा भाषेत रडतो जी तो घरी बोलत नाही. सॅम हुईने बोलीतली गाणी केली पण ती बरीचशी गमतीची, टोमण्याची. 'मान को' म्हणजे संथ गाणं म्हटलं की भाषा लेखी. त्याचा एक फायदा, ग्वांगडोंगच्या, म्हणजे कॅन्टोनीज बोलणाऱ्या प्रांताच्या, बाहेरच्या चिनी माणसालाही शब्द वाचून कळतात.

शिवाय लेखी भाषा असली की जुनं काव्य आत ओढता येतं. मुईचं ते 'कलता सूर्य अथांग' हे तिकडच्या शाळकरी पोरालाही ओळखू येतं. तांग काळातला ली शांगयिन नावाचा कवी, नवव्या शतकातला, त्याच्या चार ओळींच्या कवितेचा शेवट असा की मावळता सूर्य अथांग सुंदर आहे, पण काय, अंधार पडत आला. कीथ चानने त्यातलंच टोक पकडून पहिल्या चार अक्षरांत ठेवलं, म्हणजे अंधार पडणार हे ऐकणाऱ्याला आधीच माहीत. आणि टोन तर सांगितलेच, ० ० ० २ मध्ये बसवून.

टंकलेखक
मग अवॉर्ड कुणाला मिळालं शेवटी?

स्टारफेरी
१९८९ चं टीव्हीबी ह्या तिथल्या वाहिनीचं सुवर्णगीतांमधलं मुख्य सुवर्णपदक मुईला. त्यावरून प्रिसिलाचे चाहते अजून तोंड वाकडं करतात. माझं विचाराल तर कराओकेत प्रिसिला जिंकते, कुठल्याही निरोप समारंभाला तेच लागतं, शाळा सुटली लाव, बॉस रिटायर झाला लाव. मुईचं लावायला लोक कचरतात. २००३ नंतर तर जास्तच.

सांजवारा
मी हाँगकाँगला नव्हते पण २०२१ चा 'अनिता' सिनेमा बघितलाय. तो शेवटचा कार्यक्रम खरंच तसा झाला होता का?

स्टारफेरी
@सांजवारा ताई, मी काही तेव्हा तिथे नव्हतो, पण तो कार्यक्रम झाला ते कॉलिझियम माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. उलट्या पिरॅमिडसारखी इमारत, वर रुंद खाली निमुळती, हुंग होम स्टेशनला लागून, आत साडेबारा हजार माणूस चारी बाजूंनी बसतं. अकाउंट्सच्या बाई (त्या प्रिसिलावाल्या, हे लक्षात ठेवा) त्या कार्यक्रमाला गेल्या होत्या, त्यांनी सांगितलेलं सांगतो.

२००३ हे वर्षच वाईट. सार्सची साथ, शाळा बंद, तोंडाला मास्क. १ एप्रिलला लेस्ली चेउंग गेला, तो मुईचा जिवाभावाचा मित्र. सप्टेंबरमध्ये मुईने स्वतः पत्रकारांसमोर सांगितलं की मला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. तिची मोठी बहीण ह्याच आजाराने २००० मध्ये गेलेली. ह्या दोघी बहिणी लहानपणी लाय ची कोकच्या जत्रेतल्यासारख्या करमणूक पार्कात गायच्या, मुई तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची. म्हणजे चाळीसपैकी पस्तीस वर्षं स्टेजवर. डॉक्टरांचा सल्ला काय असेल तो असेल, तिने नोव्हेंबरमध्ये आठ कार्यक्रम केले. शेवटचा १५ नोव्हेंबरला.

शेवटी पांढरा लग्नाचा पोशाख, भलामोठा मागे लोळणारा घोळ, तिचा नेहमीचा डिझायनर एडी लाव ह्याने केलेला. लग्न झालं नाही, म्हणून स्टेजशीच लावते असं तिचं म्हणणं. आणि मग हे गाणं. चौदा वर्षांपूर्वी सिनेमासाठी म्हटलेलं. गाणं संपलं, ती जिना चढत गेली, वर पोचून वळली, बाय बाय म्हणाली, दार बंद. बाई म्हणाल्या की टाळ्या किती वेळ वाजवायच्या ते कुणाला कळेना, कारण थांबलो तर संपलं. ३० डिसेंबरला ती गेली.

प्रिसिलाच्या गाण्याचा गीतकार रिचर्ड लाम, तो पण त्याच नोव्हेंबरात गेला.

पायपेटी
आता तो व्हिडिओ बघितला. दुपारी मी ओझं घेऊन जिना चढण्याचं लिहिलं तेव्हा मला ही जिन्याची गोष्ट माहीत नव्हती. जाऊ दे. आवाज त्या दिवशी पार फाटलाय तिचा, वरचे सूर लागत नाहीत, आणि ती लावायचा प्रयत्न पण करत नाही, खालून जवळ जाते आणि सोडून देते. १९८९ चं रेकॉर्डिंग लगेच मागून ऐकू नका.

आंबटगोड
ऐकलं मागून. काका, आधी सांगायचं ना. माझं मत मुईला, बदललं.

टंकलेखक
माझं प्रिसिलालाच. चोवीस वर्षांची पोरगी बॅगा भरून निघालीये, तिला कसली संध्याकाळ. तिचं दुःख पण खरंच आहे की. आणि ती परत आली ना पुढे?

स्टारफेरी
आली, १९९५ मध्ये परत गायला लागली. अजून गाते. अजून हेच म्हणायला लावतात लोक तिला.

किर्लोस्करी
मी काल रात्री एक उद्योग केला. म्हटलं मराठीत ह्या चालीवर पहिली चार अक्षरं बसवून बघू, दोघींची वेगवेगळी. प्रिसिलासाठी 'मागे वळता'. मुईसाठी 'मावळतीला'. तोंडाने म्हणून बघा, मा-गे-वळ-ता, मा-वळ-ती-ला. चारच ठोके, आठ-आठ मात्रा, आणि 'वळ' तर दोन्हीत! स्टारफेरी, तुमच्या त्या पाकिटातल्या कागदाला आमच्याकडून हे.

स्टारफेरी
काका!! हे आजच ऑपरेशन्सवाल्याला पाठवतो, अर्थ समजावून.

पायपेटी
बसतंय, पण 'वळता'च्या 'ता'वर सूर वर जातो तिथे थांबायला जागा आहे, 'ला'वर तेवढं बरं वाटत नाही. 'मावळताना' करून बघा. आणि पुढची आठ अक्षरं कधी देताय?

किर्लोस्करी
'मावळताना' म्हणजे एक ठोका वाढतो का? मा-वळ-ता-ना. नाही वाढत. घेतलं. पुढची आठ रविवारी, तोवर बायको पेटीला हात लावू देत नाहीये, पाहुणे आहेत.